प्रकरण पाचवे: खांब क्रमांक सात

हिंगोलीत जादू आणायची, हे विश्वंभरराव येळेगावकरांनी एका मंगळवारी दुपारी, जेवणानंतर हात पुसता पुसता ठरवलं.

निमित्त झालं आकांक्षाचं. ही त्यांची मुलगी, पुण्याला नोकरीला. दिवाळीला आली आणि जाताना तीन जाडजूड इंग्रजी कादंबऱ्या घरी विसरून गेली. तिन्हींचा मामला साधारण एकच होता. एखादं मोठं शहर, सिग्नल, मॉल, भुयारी रेल्वे, सगळं आजचं. आणि त्याच शहरात गुपचूप नांदणारी जादू. लिफ्टमध्ये नसलेल्या मजल्याचं बटण दाबलं की जादूगारांची कचेरी लागते. टॅक्सीवाला दिसायला साधा, पण वय तीनशे वर्षं. विश्वंभररावांनी शब्दकोश मांडीवर घेऊन सहा आठवड्यांत तिन्ही पुस्तकं संपवली आणि आकांक्षाला फोन लावला.

"या पुस्तकांत एकही रजिस्टर नाही," ते म्हणाले.

"कसलं रजिस्टर, बाबा?"

"जादूचं. कोणी, कोणावर, कोणत्या तारखेला, कोणाच्या परवानगीनं जादू केली, याची नोंद नको? एवढं मोठं शहर आणि सगळा कारभार तोंडी. शिवाय जादू नेहमी परदेशातच का? आपल्याकडे काय कमी आहे?"

आकांक्षाची ऑफिसची गाडी आली होती. "मग तुम्हीच लिहा की," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

नुकत्याच निवृत्त झालेल्या माणसाशी असं वाक्य जपून बोलावं. विश्वंभररावांची चौतीस वर्षं आवक-जावक विभागात गेली होती. त्यांच्या टेबलावरून गेलेला एकही कागद चुकीच्या फाईलीत सापडला नाही, हा त्यांचा अभिमान होता आणि तो ते लग्नकार्यात शेजारी बसलेल्या अनोळखी पाहुण्यालाही सांगत. आता टेबल नव्हतं, कागद नव्हते. त्यांनी दोनशे पानी वही आणली, पहिल्या पानावर श्री लिहिलं आणि खाली लिहिलं: जलकुंभाखालची कचेरी.

कादंबरीचा नायक विश्वजीत. हिंगोलीच्या जुन्या पाण्याच्या टाकीखाली गुप्त जादू कार्यालय आहे आणि तिथं तो कनिष्ठ लिपिक आहे. मंत्र म्हणून चालत नाही. अर्ज दोन प्रतींत द्यावा लागतो. अदृश्य व्हायचं तर ओळखपत्राची झेरॉक्स जोडावी लागते. विश्वंभररावांना वाटलं, जादूला प्रथमच शिस्त लागते आहे.

शेजाऱ्यांना सुगावा लागायला दोन दिवस पुरले. पहिले आले उत्तमसिंग. हे एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. समोरच्या घरात राहत आणि गल्लीतल्या कुठल्याही कामावर त्यांचं मत तयार असे.

"मला एक सांगा येळेगावकर, हिंगोली शहर हाय का?" त्यांनी खुर्ची ओढून घेतली.

"म्हणजे काय? जिल्ह्याचं ठिकाण आहे."

"जिल्ह्याचं ठिकाण येगळं, शहर येगळं. शहर म्हंजे जिथं मानूस रस्ता चुकतो. इथं कोन चुकून राहिलं? तुमचा तो जादूवाला गायब झाला तर धा मिनिटांत त्याच्या घरी फोन जाईल, का तुमचं पोरगं बसस्टँडवर गायब झालं म्हनून."

हा मुद्दा विश्वंभररावांना झोंबला, कारण तो खरा होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो जसाच्या तसा तिसऱ्या प्रकरणात घातला: हिंगोलीत अदृश्य होणाऱ्यानं आधी घरी कळवणं बंधनकारक आहे. उत्तमसिंगांना हे कळल्यावर त्यांची हक्काची भावना बळावली. सेनगाव मार्गावर एक जादूची बस पाहिजे, तिला गोरेगावचा थांबा पाहिजे आणि ड्रायव्हर उंचापुरा, मिशीवाला पाहिजे, असं त्यांनी सुचवलं. बसचा वेग किती ठेवावा यावर दोघांचं बिनसलं. विश्वंभररावांच्या मते जादूच्या बसला वेळेचं बंधन नको. उत्तमसिंगांच्या मते वेळापत्रक नसलेली बस ही बसच नव्हे. चार दिवस ते एकमेकांकडे न बघता आपापल्या अंगणातल्या झाडांना पाणी घालत राहिले.

घरातलं प्रकरण जास्त नाजूक होतं. पद्माबाईंनी, म्हणजे विश्वंभररावांच्या पत्नीनं, एका दुपारी वही उघडून चारही प्रकरणं वाचली आणि चष्मा काढला.

"यात विश्वजीतची बायको आहे."

"आहे ना. सुशील आहे."

"तिला काय जादू येते?"

"तिला कशाला? ती घर सांभाळते."

पद्माबाईंनी वही मिटून जागेवर ठेवली. पण त्या दिवसापासून चहा कोमट येऊ लागला, वरणात मीठ आज कमी तर उद्या जास्त, आणि ढगळ पायजम्याची नाडी दर वेळी आत गेलेली सापडू लागली. सहाव्या दिवशी विश्वंभररावांनी सुशील बायकोला भिंतीपलीकडचं ऐकण्याची आणि नवऱ्याच्या मनातलं आधीच कळण्याची शक्ती बहाल केली. पद्माबाईंनी ते पान वाचलं. "ही जादू नाही, हे सगळ्यांनाच येतं," असं म्हणाल्या. पण चहा गरम झाला.

पाच प्रकरणं झाली आणि टाइप करून घ्यायची वेळ आली. कोर्टासमोर प्रेमदास राठोडचं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान होतं. प्रेमदास हट्टा गावाकडच्या एका तांड्यावरचा, चाळिशीचा, मराठी टाइप करण्यात त्याचा हात धरणारा जिल्ह्यात नव्हता. अडचण एवढीच की वीस वर्षं फक्त प्रतिज्ञापत्रं आणि अर्ज टाइप केल्यामुळे त्याची बोटं स्वतःच्या मर्जीनं चालत. विश्वजीत टाकीच्या गच्चीवर बायकोला आपलं खरं काम काय ते सांगतो, हा विश्वंभररावांनी दोनदा डोळे पुसत लिहिलेला प्रसंग. तो टाइप होऊन आला तेव्हा त्याच्या शेवटी होतं: 'वरील मजकूर मी वाचून पाहिला असून तो खोटा आढळल्यास मी कायदेशीर कारवाईस पात्र राहीन.'

"प्रेमदास, हे काय?"

"सवयीनं झालं, साहेब. पन वाईट नाही वाटून राहिलं. बायकोला भरवसा येतो."

विश्वंभररावांनी विचार केला आणि वाक्य राहू दिलं.

त्याच सकाळी दुकानात रुक्माबाई आल्या होत्या. त्या विश्वंभररावांच्या मागच्या गल्लीत राहत. त्यांच्या दारासमोरचा सात नंबरचा दिव्याचा खांब दोन वर्षं बंद होता. त्यांनी चार अर्ज दिले होते, हा पाचवा. अर्ज आणि कादंबरी एकाच वेळी प्रिंटरमधून बाहेर पडत होती, दुकानात गर्दी होती, आणि प्रेमदासनं रुक्माबाईंच्या अर्जाला मागं एक भलतंच पान चुकून पिनअप केलं. रुक्माबाईंनी अंगठ्यानं पान दाबून पाहिलं. या वेळी अर्ज जाड आहे, याचं त्यांना समाधान वाटलं. त्या थेट जाऊन तो देऊन आल्या. कोणत्या कार्यालयात, ते इथं सांगत नाही. विश्वंभररावांनी सरकारी नोकरी केली आहे, त्यांना ते आवडणार नाही.

मागचं पान कादंबरीचं पान सत्तेचाळीस होतं. विश्वंभरराव रोज संध्याकाळी त्याच बंद खांबाजवळून फिरायला जात, म्हणून कादंबरीतही तोच आला होता. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'प्रकरण पाचवे: खांब क्रमांक सात'. खाली मजकूर होता की या खांबाला डाव्या हातानं तीन टिचक्या मारून आपलं संपूर्ण नाव सांगितलं की खांब जागा होतो आणि दिवा लागतो.

त्या कार्यालयात रुक्माबाईंचे आधीचे चार अर्ज झोपले होते. पण हा पाचवा 'प्रकरण पाचवे' असा स्पष्ट मथळा घेऊन आलेला, त्यामुळे लिपिकाला वाटलं, वरच्या कुठल्या तरी कचेरीतून प्रकरण वर्ग होऊन आलंय. प्रकरण म्हटलं की नोंद आली, नोंद आली की चौकशी आली. सहा दिवसांत शेरा पडला: 'टिचकी मारल्याने दिवा लागतो किंवा कसे, याची स्थळपाहणी करावी.' त्यावर दुसऱ्या लिपिकानं रास्त शंका काढली की खांबावर बल्बच नाही, मग लागतो की नाही हे कळणार कसं? तेव्हा भांडारातून एक बल्ब आणि वायर 'प्रकरण क्रमांक पाचच्या चौकशीकामी' मंजूर झाली.

पाहणीच्या दिवशी संध्याकाळी दोन पंच, एक वायरमन आणि एक लिपिक खांबाशी जमले. वायरमन वर चढला. लिपिकानं खाली उभं राहून कागदात बघत तीन टिचक्या मारल्या, आपलं संपूर्ण नाव सांगितलं, आणि वायरमननं त्याच क्षणी वर वायर जोडली. दिवा लागला. रुक्माबाईंची अख्खी गल्ली दारात उभी होती. दोन वर्षांनी एकमेकांची तोंडं नीट दिसल्यामुळे लोक बराच वेळ नुसतेच बघत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून हिंगोलीत ज्याला त्याला खांब आठवू लागला. ते पान कुणाचं, ही बातमीही टायपिंगच्या दुकानातून गावभर झाली. लोक येता-जाता टिचक्या मारत. कुणी आपलं नाव सांगे, कुणी आडनावासकट सासऱ्याचंही. पुसेगावहून आलेल्या एका गृहस्थानं विश्वंभररावांच्या दारात येऊन विचारलं, "आमच्या गावची लाईटची डीपी बंद हाय, तिचं पान हाय का तुमच्याकडं?" प्रेमदासनं सगळं कबूल केल्यावर विश्वंभरराव खाली बसले. चौतीस वर्षांत न चुकलेला माणूस, आणि त्याचाच कागद चुकीच्या फाईलीत गेला होता.

चौथ्या दिवशी नोटीस आली. सार्वजनिक खांबात जादू असल्याचा मजकूर प्रसृत केल्याबद्दल सात दिवसांत समक्ष हजर राहून खुलासा करावा. वर नाव होतं: 'श्री. विशंभर येडेगावकर'. वय एकोणसत्तर. विश्वंभररावांनी नोटीस तीन वेळा वाचली. अंधश्रद्धेचा आरोप त्यांना एवढा लागला नाही.

"येडेगावकर," ते पद्माबाईंना म्हणाले. "आणि जावक क्रमांक पेन्सिलीनं टाकलाय."

सल्ल्यांना पूर आला. उत्तमसिंगांनी अबोला सोडला आणि खुर्ची ओढून बसले. "लिहून द्या, सगळं खोटं हाय म्हनून. दोन ओळींचा खेळ हाय." प्रेमदास तर खुलासा टाइप करूनच घेऊन आला: 'सदर कादंबरीतील विश्वजीत, त्याची पत्नी, जलकुंभाखालील कचेरी व बस हे सर्व धादांत खोटे आहे. यापुढे मी असे लिहिणार नाही.'

विश्वंभररावांनी पेन उघडलं. सहीपर्यंत नेलं. गच्चीवरचा प्रसंग, ती सुशील बायको, वेळापत्रक नसलेली बस. पेन पुन्हा बंद केलं.

"शेवटचं वाक्य काढ," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं म्हणाले, "पहिलंही काढ."

"मग कागद कोराच राह्यला, साहेब."

त्याच संध्याकाळी रुक्माबाई आल्या. त्या कधी घरात येत नसत, दारातच बसल्या. पद्माबाईंनी चहा दिला.

"भाऊ, म्या हाफिसात जाऊन आले," त्या म्हणाल्या. "तो भांडारवाला म्हने, ह्यो बलब चौकशीपुरता हाय. प्रकरन मिटलं की काढून जमा करायचा. तुमी खोटं म्हनलं की प्रकरन मिटलं. मिटलं की बलब गेला."

"आणि खरं म्हटलं तर माझ्यावर कारवाई."

"व्हय." त्यांनी बशी खाली ठेवली. "तकलीफ तुमाला बी हाय, कळतंय मला. माझी सून दवाखान्यात कामाला हाय, सांजच्याला अंधारात येती. दोन वर्सं म्या रोज टॉर्च घिऊन कोपऱ्यावर हुबी राहिले. आता चार दिस झाले, दारातूनच दिसून राहिली येताना. तेवढं सांगाया आले."

त्या गेल्यावर विश्वंभररावांनी नोटीस पुन्हा पुढ्यात घेतली. खरं म्हणावं तर आपण बुडतो, खोटं म्हणावं तर बल्ब बुडतो आणि वर विश्वजीतही. पद्माबाई भाजी निवडत होत्या.

"तुमच्या ऑफिसात एखादा कागद खराही नाही आणि खोटाही नाही, असं कधी झालं नाही का?" त्यांनी सहज विचारलं.

विश्वंभररावांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग ते उठले आणि कोट इस्त्रीला टाकला.

सुनावणीला सगळेच आले. रुक्माबाई, प्रेमदास, पद्माबाई, आणि साक्षीदार म्हणून कोणी न बोलावलेले उत्तमसिंग. अधिकारी होत्या प्रियदर्शनी मॅडम, वयानं आकांक्षाएवढ्या, दोन महिन्यांपूर्वी बदलून आलेल्या. त्यांच्यापुढे फाईल होती आणि फाईलीत वर पान सत्तेचाळीस.

"श्री. येडेगावकर."

"येळेगावकर," विश्वंभरराव म्हणाले. "आणि वय एकोणसाठ. दुरुस्तीचा अर्ज सोबत आणलाय, दोन प्रतींत."

मॅडमनी दोन्ही प्रती घेतल्या, एकीवर पोच दिली. विश्वंभररावांचा कणा थोडा ताठ झाला.

"मला एकच सांगा. या पानावर जे लिहिलंय ते खरं का खोटं?"

रुक्माबाईंनी पदर तोंडाशी घेतला.

"अपूर्ण आहे, मॅडम," विश्वंभरराव म्हणाले.

"म्हणजे?"

"प्रकरण पूर्ण झाल्याशिवाय त्यावर निर्णय देता येत नाही. हे पाचवं प्रकरण आहे. पुढची व्हायची आहेत. खांबात जादू आहे की त्यामागं दुसरंच काही आहे, ते पुढं उघड होणार आहे. अर्धवट कागदावरून खरं-खोटं ठरवणं नियमाला धरून होणार नाही. पान सत्तेचाळीसवर तर वाक्यच तुटलंय."

"ते आलंय माझ्या लक्षात," मॅडम म्हणाल्या. त्यांनी पान हातात घेतलं आणि वाचलं, "'विश्वजीतनं मागं वळून पाहिलं, तर खांबाखाली'. पुढं काही नाही." त्यांनी पान खाली ठेवलं. आवाज जरा उतरला. "चार दिवस झाले मी हे वाचून. खांबाखाली काय होतं?"

विश्वंभररावांच्या पिशवीत बाकीची पानं होतीच.

"पान अठ्ठेचाळीस वाचू का?"

"पहिल्यापासून वाचा," मॅडम म्हणाल्या. "नोंदीसाठी."

त्यांनी वाचायला सुरुवात केली. पहिल्या प्रकरणात फक्त मॅडम ऐकत होत्या. दुसऱ्यात शेजारच्या खोलीतले दोन लिपिक दाराशी आले. अदृश्य होण्याच्या अर्जाला ओळखपत्राची झेरॉक्स लागते, तिथं त्यातला एक म्हणाला, "बराबर आहे, फोटोही लागायला हवा." विश्वंभररावांनी समासात लिहून घेतलं. तिसऱ्यात टाकीखाली रजिस्टर घेऊन बसणारी बाई आली आणि पाणी घेऊन आलेला शिपाई ट्रे धरून तसाच उभा राहिला. उत्तमसिंगांची बस आली तेव्हा उत्तमसिंगांनी सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं. गच्चीवरच्या प्रसंगात विश्वंभररावांचा आवाज जड झाला, आणि त्याच आवाजात ते वाचून गेले, "वरील मजकूर मी वाचून पाहिला असून तो खोटा आढळल्यास मी कायदेशीर कारवाईस पात्र राहीन." कोणी हसलं नाही. एक लिपिक हळूच म्हणाला, "असं लिहून देणारा नवरा पाहिजे." प्रेमदासनं मान खाली घातली, पण कान लाल झाले होते.

जेवणाची सुट्टी कधी झाली आणि कधी संपली ते कळलं नाही. पान एकसष्टवर विश्वंभरराव थांबले.

"पुढं?"

"एवढंच झालंय. पुढचं अजून लिहिलेलं नाही."

मॅडमनी खुर्चीत मागं रेलून थोडा विचार केला. मग लिपिकाला कागद घ्यायला सांगितलं आणि अगदी सरळ चेहऱ्यानं आदेश सांगितला. प्रकरण क्रमांक पाच अपूर्ण असल्याने प्रलंबित ठेवण्यात येत आहे. संबंधितांनी प्रत्येक पानावर 'कादंबरी, काल्पनिक' असा शिक्का मारावा व पुढील मजकूर दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी समक्ष वाचून सादर करावा. अंतिम निर्णय होईपर्यंत खांब क्रमांक सातवरील बल्ब आहे त्या स्थितीत ठेवावा.

"आणि मॅडम, बाकीचे खांब?" दाराशी उभ्या असलेल्या एकानं विचारलं. तो दुसऱ्या गल्लीतला अर्जदार होता, आपल्या कामाला आलेला, आणि तासभर ऐकत उभा होता.

"कादंबरीत आले की बघू," मॅडम म्हणाल्या. मग क्षणभर थांबून लिपिकाला म्हणाल्या, "तोवर त्यांचा अर्ज काढून ठेवा. रुक्माबाईंचे आधीचे चारही काढा. टिचकी मारल्याशिवाय ते जागे का झाले नाहीत, ते मला बघायचंय."

बाहेर पायऱ्यांवर शिपाई मागून धावत आला. "साहेब, एक विचारू? ती बाई जी टाकीखाली रजिस्टर घेऊन बसती, ती जिवंत हाय का मेलेली?"

"मला अजून माहीत नाही," विश्वंभरराव खरं तेच बोलले.

"नसंल सांगायचं तर नका सांगू," शिपाई जरा रागावून म्हणाला आणि परत गेला.

चौतीस वर्षं त्यांनी हजारो कागद पुढं पाठवले होते. पुढं काय झालं म्हणून त्यांच्या मागं आजवर कोणी धावत आलं नव्हतं. त्यांनी रुमाल काढून उगाच चष्मा पुसला. उत्तमसिंग म्हणाले की आता बसला एक रिझर्व्ह ड्रायव्हरही लागेल, आणि विश्वंभररावांनी या वेळी वाद घातला नाही.

रुक्माबाई त्यांच्या बरोबरीनं फाटकापर्यंत चालत आल्या.

"भाऊ, असली पुस्तकं केवढी असत्यात?"

"आमच्या आकांक्षाची चारशे पानांची आहेत."

रुक्माबाईंनी मनाशी काही हिशेब केला. "चारशे लई लवकर सरतील," त्या म्हणाल्या. "तुमी घाई करू नका. त्या पोराचं लगीन झालंय, आता त्याला लेकरं होऊ द्या. लेकरं शाळंत जाऊ द्या. सावकाश लिवा."

"सावकाशच लिहितो," विश्वंभररावांनी शब्द दिला.

घरी जाताना त्यांनी प्रेमदासच्या दुकानातून दोन रिम कागद घेतले. ते पोचेपर्यंत आधीच घरी गेलेल्या पद्माबाईंनी जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग पुसून रिकामा केला होता. विश्वंभररावांनी कागद नीट जुळवून ठेवले, पेन उघडलं आणि विचारलं, "अगं, त्या विश्वजीतच्या बायकोला आणखी काय काय येत असेल?"

पद्माबाई दुसरी खुर्ची ओढून बसल्या. "लिहून घ्या," त्या म्हणाल्या.